एका सतरा अंकी संख्येची ओळख



एखाद्या मनुष्याची ओळख करून घ्यावयाची झाल्यास आपण त्याचे नाव, गाव, कूळ आणि स्वभाव ह्यांची विचारपूस करतो. संख्येच्या बाबतीत मात्र इतके सौजन्य आपण सहसा दाखवीत नाही. ती उत्तराच्या जागी आली की तिच्याखाली दोन रेघा ओढावयाच्या आणि पुढील उदाहरणाकडे वळावयाचे, एवढाच आपला तिच्याशी संबंध. ह्या वर्षीच्या अंकात आपण एकाच संख्येपाशी थोडा वेळ थांबू आणि तिची रीतसर ओळख करून घेऊ. ती संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत पायरीपायरीने चढणारी व नवापासून पुनः एकापर्यंत उतरणारी ही संख्या पाहून घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या आपणां सर्वांस घराची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. पालकांसही विनंती की, हा लेख केवळ मुलांसाठी आहे असे समजून त्यांनी पान उलटू नये. ह्यातील गणित बेरीज, गुणाकार व भागाकार ह्यांच्या पलीकडे जात नाही. आणि शेवटी जे सांगावयाचे आहे ते मुलांइतकेच वडील मंडळींसाठी व आम्हां शिक्षकांसाठीही आहे.

१. नाव व आकार

आपली संख्या सतरा अंकी आहे. एकं, दहं, शतं, सहस्र असे म्हणत आपण अब्जापर्यंत जातो. त्यापुढील नावे आता फारशी कोणाच्या तोंडी राहिलेली नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त स्थानांची नावे परार्धापर्यंत दिलेली आहेत. अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध, असा तो क्रम आहे. प्रत्येक स्थान मागल्या स्थानाच्या दसपट. त्या हिशेबाने आपल्या संख्येतील सर्वांत डावीकडचा एक हा ‘मध्य’ ह्या स्थानी बसतो. म्हणजे परार्धाच्या केवळ एक पायरी खाली. तेव्हा तिचे वाचन एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज असे सुरू होईल.

नाव उच्चारता आले म्हणजे आकार कळला असे मात्र नाही. दर सेकंदास एक ह्या वेगाने, अन्नपाणी व झोप सोडून, आपण एक, दोन, तीन असे मोजू लागलो अशी कल्पना करा. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. ते कोरले गेले तेव्हापासून कोणी मोजीत बसला असता तर आजपर्यंत त्याची मजल सुमारे ६,३०० कोटींपर्यंत, म्हणजे एका अकरा अंकी संख्येपर्यंत गेली असती. ज्या काळ्या पाषाणात ती लेणी कोरली आहेत तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसाच्या रूपाने पसरला. राजमाची, नागफणी, लोहगड, विसापूर हे सर्व त्याच रसाचे थर. ते थर पडत होते तेव्हापासून मोजणी चालू असती तरी आज आपल्या संख्येचा केवळ सहावा हिस्सा पुरा झाला असता. सबंध मोजणीस सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. अशी ही संख्या सह्याद्रीहून वडील आहे. तथापि कागदावर ती दोन बोटांच्या रुंदीत मावते. अंकलेखनाच्या पद्धतीचे हे सामर्थ्य रोजच्या सवयीने आपल्या ध्यानात येत नाही.

२. गाव

ह्या संख्येस गावही आहे, आणि ते आपल्याच लोहमार्गावर आहे. लोणावळ्याहून मुंबईस जाताना खंडाळा सोडून गाडी बोरघाट उतरते, कर्जत, नेरळ, कल्याण ही स्थानके मागे पडतात आणि मग डोंबिवली येते. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर असलेल्या ह्या स्थानकास ‘डेम्लो’ असे म्हणत. त्या स्थानकावर एका तरुण गणितप्रेमी शिक्षकाच्या मनात काही विशिष्ट संख्यांविषयी विचार आला, आणि त्या स्थानकाची आठवण म्हणून त्यांनी त्या संख्यांस ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. हे शिक्षक म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुढील सर्व आयुष्य त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकविण्यात घालविले व १९६२ साली ते निवृत्त झाले. त्यांच्यापाशी मोठी पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, विद्यापीठातील आसन नव्हते. कागद, पेन्सिल व सुटीचा वेळ एवढ्याच भांडवलावर त्यांनी संख्यांचा अभ्यास चालविला आणि पुष्कळदा स्वतःच लहान पुस्तिका छापून तो प्रसिद्ध केला. डेम्लो संख्यांपैकी विशेष सुंदर अशा ज्या, त्यांवरील त्यांचा लेख १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ ह्या नियतकालिकात आला. ६१७४ ह्या संख्येचा त्यांचा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कार्यावर लिहिले, तेव्हा ह्या शाळामास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले.

आपली सतरा अंकी संख्या ही ह्याच ‘सुंदर डेम्लो संख्यां’च्या मालेतील नववी होय.

३. जन्म

आता ह्या मालेचा उगम पाहू. केवळ एक ह्या अंकानेच लिहिलेल्या संख्या घ्या व त्यांचे वर्ग करा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

ह्याच क्रमाने जात राहिल्यास नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आपली सतरा अंकी संख्या येते. पाहणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. परंतु गणितात चमत्कार दिसला की त्याचे कारण शोधणे हे आपले कर्तव्य ठरते. कारण शोधावयास फार लांब जाणे नको. चार एकांचा गुणाकार मांडून पाहा:

० ० ० १ १ १ १
० ० १ १ १ १ ०
० १ १ १ १ ० ०
१ १ १ १ ० ० ०
——————
१ २ ३ ४ ३ २ १

प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. म्हणून उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. आणि पुढे ओळी एकेक संपत जातात तसे ते तीन, दोन, एक असे उतरतात. नऊ ओळी मांडल्या तर मधला रकाना नऊ एकांचा होईल. म्हणजे वर्गातील प्रत्येक अंक हा आपल्या रकान्यातील एकांची मोजदाद होय.

ह्यावरून आणखी एक गोष्ट फुकट हाती लागते. नऊ ओळी व प्रत्येक ओळीत नऊ एक, म्हणजे मांडणीत एकंदर ८१ एक आहेत. ते सर्व रकान्यांत वाटले गेले आहेत. म्हणून उत्तरातील अंकांची बेरीज ८१ आलीच पाहिजे. करून पाहा: १ ते ८ ह्यांची बेरीज ३६, ती दोनदा म्हणजे ७२, त्यात मधले ९ मिळविले की ८१. संख्येचे वर्गमूळ नऊ एकांचे आणि तिच्या अंकांची बेरीज नवाचा वर्ग, ह्यात योगायोग कोणताही नाही.

४. एक चूक

येथे प्रस्तुत लेखकास आपली एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी इयत्ता आठवीच्या वर्गात मी वरील कोष्टक फळ्यावर लिहिले, नऊ एकांपर्यंत नेले आणि उत्साहाच्या भरात बोलून गेलो की, ‘हा क्रम असाच अखंड चालतो.’ दहा एकांचा वर्ग घरून लिहून आणण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी बहुतेक सर्वांनी क्रम पुढे चालवून हे उत्तर आणले:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

मावळातील एका खेड्यातून लोकलने येणाऱ्या एका मुलाचे उत्तर मात्र निराळे होते:

१२३४५६७९००९८७६५४३२१

मधोमध दोन शून्ये, आणि डावीकडे सातानंतर आठ नाहीच, एकदम नऊ. असले मोडके उत्तर पाहून मी ते न तपासताच त्यावर तांबडी फुली मारली आणि ‘लक्ष कोठे होते?’ असेही वर विचारले. तो काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला.

सायंकाळी वह्या चाळताना त्याच्या वहीचे मागील पान उघडले गेले. पावसामुळे गाडी उशिरा आली होती, म्हणून कामशेतच्या फलाटावर बसून त्याने दहाच्या दहा ओळी मांडल्या होत्या. मी त्या रकान्यांवरून पेन्सिल फिरवू लागलो. नवव्या रकान्यापर्यंत सर्व सुरळीत होते. दहाव्या रकान्यात दहा एक आले. दहा हा अंक नव्हे; तेथे शून्य मांडून हातचा एक पुढे द्यावा लागतो. पुढच्या रकान्यात नऊ होते. हातच्यासह दहा झाले. पुनः शून्य मांडून हातचा एक. त्यापुढील रकान्यात आठ, हातच्यासह नऊ. म्हणूनच दोन शून्ये आली आणि आठ नाहीसा झाला. मुलाचे उत्तर बिनचूक होते. चूक माझी होती, आणि माझ्या शब्दावर विसंबलेल्या उरलेल्या सर्व वर्गाची होती.

दुसऱ्या दिवशी मी ती फुली खोडून सर्व वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. तो हसला; परंतु आदल्या दिवशी त्याने मान खाली घातली होती, ती मला अद्याप दिसते. त्याने गणित केले होते आणि आम्ही केवळ नक्षी पाहिली होती.

५. ताळा कोठे फसतो

ह्या दोन उत्तरांपैकी खोटे कोणते, हे सबंध गुणाकार न करताही मला ओळखता आले असते. ते कसे, हे शिकण्यासारखे आहे.

प्रथम अंक मोजा. दहा एकांची संख्या दोन अब्जांहून लहान आहे. तेव्हा तिचा वर्ग चार अब्ज अब्जांहून लहान, म्हणजे फार तर एकोणीस अंकी असावयास हवा. वर्गाने आणलेले उत्तर वीस अंकी आहे. एवढ्यावरच ते बाद होते.

आता आपल्या आजोबापणजोबांच्या वेळेपासून चालत आलेला नवाचा ताळा घेऊ. दहा, शंभर, हजार ह्यांपैकी प्रत्येकास नवाने भागले असता बाकी एक राहते. म्हणून संख्येची बाकी तिच्या अंकांच्या बेरजेच्या बाकीइतकीच असते. दहा एकांची बेरीज १०, बाकी १; वर्गाचीही बाकी १ हवी. खोट्या उत्तराच्या अंकांची बेरीज ९१, बाकी १. खऱ्याच्या अंकांची बेरीज ८२, बाकी १. दोन्ही उत्तीर्ण! ताळा फसला. का फसला? एका रकान्यातील दहा एक काढून पुढे एक दिला की अंकांची बेरीज बरोबर नवाने घटते, आणि नवाचा फरक नवाच्या ताळ्यास दिसत नाही. खऱ्या उत्तरात हातचा दोनदा दिला गेला. म्हणून शंभर एकांतून अठरा वजा जाऊन ८२ उरले.

मग अकराचा ताळा लावा. दहास अकराने भागताना एक कमी पडतो, शंभरास भागताना एक उरतो, हजारास पुनः एक कमी पडतो. म्हणून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करून त्यांतील फरक पाहावयाचा. दहा एकांच्या संख्येत दोन्ही बेरजा पाच पाच आहेत. ती अकराने निःशेष भागली जाते, तेव्हा तिचा वर्गही भागला गेला पाहिजे. खोट्या उत्तरात एकाआड एक अंकांच्या बेरजा ४५ व ४६ येतात; फरक एक. खऱ्यात ४१ व ४१, फरक शून्य. अकराच्या ताळ्याने चोर पकडला.

ह्यातील बोध असा की, ताळा न जुळल्यास उत्तर निश्चित चुकले आहे. परंतु ताळा जुळला म्हणून उत्तर निश्चित बरोबर आहे, असे नव्हे.

६. नाहीसा झालेला आठ

आठाचे हे नाहीसे होणे आणखी एका ठिकाणी दृष्टीस पडते. नऊ एकांच्या संख्येस नवाने भागा. उत्तर १२३४५६७९ येते. येथेही आठ नाही! भागाकार सावकाश करा. अकरात नऊ एकदा, बाकी दोन. एकवीसात दोनदा, बाकी तीन. एकतीसात तीनदा, बाकी चार. असे करीत एकाहत्तरात सात वेळा, बाकी आठ. आता एक्याऐंशी आले. क्रम पाहणारा म्हणेल, आठ वेळा, बाकी नऊ. परंतु नवाने भागताना बाकी नऊ राहू शकत नाही. त्या बाकीचा आणखी एक भाग होतो, आणि नऊ वेळा, बाकी शून्य असे उत्तर येते. आठास गिळणारा हा तोच मघाचा हातचा आहे; फक्त त्याने येथे वेष बदलला आहे.

ह्या १२३४५६७९ ने मुलांची चांगली करमणूक होते. तिला ९ ने गुणल्यास नऊ एक येतात, १८ ने गुणल्यास नऊ दोन, २७ ने गुणल्यास नऊ तीन. आणि एकास ८१ ने भागले असता ०·०१२३४५६७९०१२३४५६७९… असा अखंड फिरणारा दशांश अपूर्णांक मिळतो. त्यातही आठ कधीच येत नाही.

७. कूळ

आता संख्येचे कूळ, म्हणजे तिचे मूळ अवयव पाहू. नऊ एक म्हणजे तीन तीन एकांचे तीन गट, म्हणून

१११११११११ = १११ × १००१००१

ह्यांपैकी १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३७ ही मूळ संख्या आहे हे आपण जाणता. ३३३६६७ हीदेखील मूळ संख्याच आहे. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्याने तिला ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे. म्हणून नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; आणि आपल्या सतरा अंकी संख्येत तीन चार वेळा, ३७ दोन वेळा व ३३३६६७ दोन वेळा अवयव म्हणून येतात.

३७ ही संख्या आपल्या घाटाच्याही ओळखीची आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट असा आहे. म्हणूनच कर्जतेस गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. १११ फूट पुढे गेल्यास गाडी बरोबर तीन फूट वर येते, हे खिडकीतून पाहताना ध्यानात ठेवावे.

आपल्या संख्येस एकंदर किती विभाजक आहेत? विभाजक बनविताना तीन हा एकदाही न घेणे किंवा चारपर्यंत घेणे, असे पाच पर्याय. ३७ चे तीन पर्याय. ३३३६६७ चेही तीन. पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५. हा आकडा विषम आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात. एकाने भागले की दुसरा मिळतो. मात्र पूर्ण वर्गसंख्येत वर्गमूळाची जोडी त्याच्याशीच जमते. तो एकटा राहतो. म्हणून वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या सदैव विषमच असते.

एकांच्या गटांची वरील युक्ती सर्वत्र चालते. एकांची संख्या सहा, आठ, पंधरा अशी विभागता येण्याजोगी असेल तर ती संख्या मूळ असणे शक्यच नाही. परंतु ह्याचा व्यत्यास खरा नाही. पाच ही मूळ संख्या; तथापि पाच एक = ४१ × २७१. सात एक = २३९ × ४६४९. दोन एक, म्हणजे ११, ही मूळ संख्या आहे. त्यानंतर अशी पाळी येते ती एकदम एकोणीस एकांवर, मग तेवीसांवर, मग ३१७ वर आणि मग १०३१ वर. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे जगातील कोणाही गणितज्ञास अद्याप सिद्ध करता आलेले नाही. आपणांपैकी कोणी करील काय?

८. रूप आणि स्वभाव

केंब्रिजचे थोर गणितज्ञ जी. एच. हार्डी ह्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनपर पुस्तकात ८७१२ व ९८०१ ह्यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही आपल्या उलट अंकांच्या २१७८ ची चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे. असल्या अंकांच्या गमती वर्तमानपत्रातील कोड्यांस ठीक. त्यांत गंभीर गणित नाही, असा त्यांचा अभिप्राय. ह्यात तथ्य आहे. चढउताराची ही नक्षी आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसते. बाराच्या पटीत लिहिणारे लोक असते तर त्यांचा क्रम अकरा एकांपर्यंत अभंग राहिला असता आणि बाराव्यास मोडला असता; आणि आपली सतरा अंकी संख्या त्यांनी लिहिली असती तर तिच्यात ही नक्षी मुळीच दिसली नसती. तिचे ४५ विभाजक मात्र तेथेही ४५ च राहिले असते. नक्षी हे संख्येचे रूप होय. अवयव हा तिचा स्वभाव होय. पोशाख बदलला तरी स्वभाव बदलत नाही.

तथापि कापरेकरांच्या आयुष्याकडे पाहता एवढे म्हणावेसे वाटते की, रूप पाहून जो थबकला नाही तो स्वभाव विचारावयास कशाला थांबेल? नक्षी हे दार आहे. दारातच टाळ्या वाजवीत उभे राहणे ही माझी त्या दिवशीची चूक. दहा ओळी मांडून आत जाणे हे त्या मुलाचे गणित.

म्हणून विद्यार्थ्यांनो, क्रम दिसला तर आनंद माना. परंतु ‘हे का?’ आणि ‘हे कोठपर्यंत?’ हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नका, मग तो क्रम फळ्यावर शिक्षकाने का लिहिलेला असेना. पालकांस नम्र विनंती की, मुलाचे उत्तर शेजारच्या दहा मुलांहून निराळे आले तर त्यास रागावण्यापूर्वी त्याच्या वहीचे मागील पान एकदा उघडून पाहावे. आम्हां शिक्षकांस तर ही सूचना सर्वांत अधिक लागू आहे.

स्वाध्याय

(१) सहा एकांचा वर्ग गुणाकार न करता लिहा, आणि नवाचा व अकराचा ताळा लावून पाहा.

(२) १२३४५६७९ ला कितीने गुणल्यास नऊ सात मिळतील?

(३) पंधरा एकांची संख्या मूळ नाही हे दाखवा, आणि तिचे एकाहून मोठे असे दोन विभाजक सांगा.

(४) अकरा एकांचा वर्ग ओळी मांडून करा. हातचा किती वेळा द्यावा लागला? १२१ मधून प्रत्येक हातच्यामागे नऊ वजा करून उत्तरातील अंकांची बेरीज जुळते का, ते पाहा. उत्तर पुढील इयत्तेतील मित्रास विचारू नका. गाडी उशिरा आली तर फलाटावर बसून करा.